लोडिंग ब्लॉक
लोडिंग ब्लॉक : झाडलेल्या काडतुसांच्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरताना त्या उभ्या धरून ठेवणारा, सारख्या खोलीची भोके पाडलेला लाकडी ठोकळा. पिस्तूल व रिव्हॉल्व्हरची काडतुसे बहुधा ५० च्या डब्यात येतात, म्हणून ५ × १० अशी ५० भोकांची मांडणी रूढ आहे. मराठीत त्याला वेगळे नाव नाही. मुळात ‘काडतूस’ हा शब्दच पोर्तुगीजांकडून आला असे सामान्यतः मानतात. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत आणि काडतुसाचे सुटे भागही दारूगोळ्याच्या व्याख्येत मोडतात. त्यामुळे हे साधन आढळते ते मुख्यतः अमेरिकेतील हौशी नेमबाजांच्या कामाच्या बाकावर.

उगम : ठोकळ्याच्या उगमाचा माग तीन दिशांनी काढता येतो. सतराव्या-अठराव्या शतकांतील पायदळ शिपायांच्या चामडी तोशदानात (काडतुसांच्या पेटीत) भोके पाडलेला लाकडी ठोकळा बसवलेला असे आणि त्यात कागदी काडतुसे उभी राहत. आकाराचे साम्य उघड आहे, पण तो ठोकळा वाहून नेण्यासाठी होता, भरणीसाठी नव्हे. दुसरा दुवा अमेरिकेतील शिकाऱ्यांच्या गळ्यात अडकवायच्या लाकडी पट्टीचा. तिच्या आरपार भोकांत चिंधीत गुंडाळलेल्या शिशाच्या गोळ्या घट्ट बसवत. पट्टी नळीच्या तोंडावर ठेवून गोळी थेट आत दाबत. तिलाही इंग्रजीत लोडिंग ब्लॉकच म्हणतात आणि बराचसा गोंधळ या नामसाम्यातून झाला आहे. शिवाय ही पट्टी अठराव्या शतकात कितपत प्रचारात होती, की ती नंतरची आहे, याविषयी संग्राहकांत एकमत नाही. तिसरी दिशा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील छऱ्यांची काडतुसे घरी भरण्याच्या रिवाजाची. पुंगळ्या ओळीने उभ्या करून सर्व पुंगळ्यांत आधी दारू, मग डाट (दारू व छरे यांमधला बोळा), मग छरे अशी टप्प्याटप्प्याने भरणी येथे होते. कामाची रीत पाहता हाच दुवा अधिक सयुक्तिक वाटतो.

पितळी पुंगळी पुनःपुन्हा वापरणे सोयीचे झाले ते मध्याघाती काडतुसांमुळे, म्हणजे ज्यांच्या बुडाच्या मधोमध प्रायमर (आघाताने पेटून दारू शिलगावणारी टिकली) असतो अशा काडतुसांमुळे. एडवर्ड बॉक्सर (इंग्लंड) व हायरम बर्डन (अमेरिका) यांच्या प्रायमर-रचना १८६६ च्या आसपासच्या. बॉक्सर पद्धतीत पुंगळीच्या बुडाला मधोमध एकच छिद्र असल्याने जुना प्रायमर सुईने सहज निघतो. गंमत अशी की इंग्रजाची ही पद्धत अमेरिकेत रुजली आणि अमेरिकनाची युरोपात. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या आयडियल कंपनीच्या चिमटावजा हत्यारात एकेक पुंगळी सर्व क्रियांतून (जुना प्रायमर काढणे, नवा बसवणे, गोळी बसवणे इ.) नेता येई. तेथे ठोकळ्याची निकड नव्हती. बाकावरचा प्रेस (या क्रिया दाबाने करणारे तरफेचे यंत्र) आला आणि एक क्रिया सर्व पुंगळ्यांवर उरकून मग दुसरी हाती घेण्याची पद्धत पडली, तेव्हा तो अपरिहार्य झाला.

घडण : मेपल, बीच, बर्च अशी बारीक पोताची कठीण लाकडे चांगली. भोकाचा व्यास पुंगळीच्या बुडापेक्षा ०.४ ते ०.८ मिमी. जास्त ठेवतात. .३०८ विंचेस्टर व .३०-०६ या रायफल-काडतुसांचे बूड सुमारे १२ मिमी. आहे (हे माप जुन्या जर्मन माउझर काडतुसापासून चालत आले आहे). त्यांना अर्धा इंची म्हणजे १२.७ मिमी. बिट (ड्रिलचे पाते) चालते. .२२३ रेमिंग्टन या लहान रायफल-पुंगळीला मात्र हटकून चूक होते. तिचे बूड ९.६ मिमी., तर ३/८ इंची बिट ९.५ मिमी.चे, भोक पाडून झाल्यावर पुंगळी आत जातच नाही. तेथे १० मिमी. बिट घ्यावे. ९ मिमी. लूगर या पिस्तुलाच्या पुंगळीचे बूडही जवळजवळ १० मिमी. असल्याने तिला १०.५ मिमी. लागते.

दोन भोकांच्या केंद्रांत १९ मिमी. व कडेला १६ मिमी. सोडल्यास ५० भोकांसाठी २०३ × १०८ मिमी. फळी पुरते. खुणा सगळ्या एकाच कडेपासून मोजाव्यात. भोकापासून भोक मोजत गेल्यास चूक साचत जाते आणि दहावी ओळ तिरकी पडते. रायफलच्या पुंगळीला १२–१३ मिमी. खोली पुरते. ९ मिमी.ची पुंगळी जेमतेम १९ मिमी. लांब, तिला ६–७ मिमी.च ठेवावी, नाहीतर बोटांत धरायला काही उरत नाही.

तळ सपाट हवा, म्हणून फोर्स्टनर बिट वापरतात. साध्या ड्रिलचे टोक ११८° चे असते; १२.५ मिमी. भोकाच्या तळाशी त्याने सुमारे पावणेचार मिमी. खोल शंकू राहतो. पुंगळी त्यात डुलते आणि सांडलेले दारूचे कण तेथेच साचतात. सपाट बिट नसेल तर वरच्या फळीला आरपार भोके पाडून खाली ६ मिमी. प्लायवूड चिकटवावे, खोलीही आपोआप सारखी येते. भोकांच्या कडा १ मिमी. उतरत्या केल्या की पुंगळी अडखळत नाही. वरून मेणाचा हात पुरे. जवसाचे तेल नीट वाळले नाही तर चिकट राहते आणि पुंगळ्यांच्या बुडाला लागते.

वापर : ठोकळा केवळ ठेवण्यासाठी नसून तपासणीसाठी आहे. ५० पुंगळ्यांत दारू घातल्यावर, गोळी बसवण्यापूर्वी, विजेरीच्या उजेडात प्रत्येक तोंडात डोकावून पातळी पाहतात. भोकांची खोली सारखी नसेल तर पुंगळ्या खाली-वर उभ्या राहतात आणि ही तुलना फसते. अरुंद मानेच्या रायफल-पुंगळीत दुप्पट दारू बहुधा उतू जाते, चूक लगेच दिसते. १८९८ च्या सुमाराचे .३८ स्पेशल हे रिव्हॉल्व्हरचे काडतूस मात्र जास्त जागा घेणाऱ्या काळ्या दारूच्या हिशेबाने घडलेले. धूरविरहित दारूचे हलके माप त्याच्या तळाशीच राहते. दोनदा पडले तरी वर जागा उरते, आणि असे काडतूस शस्त्र फोडू शकते. उलट दारूच न पडलेल्या पुंगळीत एकटा प्रायमर गोळीला नळीत ढकलून अडकवतो; त्यामागून दुसरी गोळी झाडली गेल्यास नळी फुगते किंवा फाटते.

यासाठी दोन ठोकळे ठेवतात. रिकाम्या पुंगळ्या एकात पालथ्या. दारू पडलेली प्रत्येक पुंगळी दुसऱ्यात सुलटी. मध्येच दार वाजले तरी कोठवर आलो ते दिसते. भरलेला ठोकळा उचलून नेऊ नये, सरकवावा.

दोष : लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगते-आक्रसते, त्यामुळे हवेतील दमटपणा बदलला की गोल भोके किंचित लांबट होतात आणि घट्ट माप ठेवलेले ठोकळे पुंगळ्या धरून बसतात. पुंगळीला लावलेले लॅनोलिनचे वंगण लाकडात मुरते. ते पुसूनच पुंगळ्या ठोकळ्यात ठेवाव्यात. प्लॅस्टिक मुरत नाही, पण स्थिर विजेमुळे दारूचे कण त्याला चिकटतात आणि हलके असल्याने धक्क्याने सगळा ठोकळा कलंडतो. सर्व क्रिया ओळीने करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह प्रेसमध्ये पुंगळी यंत्रातच फिरत राहते, तेथे ठोकळा लागत नाही.