बेने इस्रायल समाजातील ‘कर’ प्रत्ययान्त आडनावे

कोकणच्या उत्तर किनाऱ्यावर, मुख्यतः आजच्या रायगड जिल्ह्यात, अनेक शतके वस्ती करून राहिलेल्या बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाची परंपरागत आडनावे बहुतांशी गावाच्या नावाला ‘कर’ हा प्रत्यय लागून झालेली आहेत. किहीमवरून केहीमकर, नवगाववरून नवगावकर, पेणवरून पेणकर, रोह्यावरून रोहेकर, अष्टमीवरून अष्टमकर, चौल ऊर्फ चेऊलवरून चेऊलकर आणि झिराडवरून झिराडकर ही त्यांतली ठळक उदाहरणे होत. अशा आडनावांची संख्या शंभराहून अधिक भरते. जगातील बहुतेक ज्यू समाजांची आडनावे पौरोहित्य, व्यवसाय, पूर्वजाचे नाव किंवा एखादे मोठे शहर यांवरून आलेली दिसतात. चार-दोन आळ्यांच्या खेड्यांवरून इतकी आडनावे झाल्याचे उदाहरण मात्र विरळाच.

समाजाच्या परंपरागत कथेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले, त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या व बुडालेल्यांना नवगावातच दफन करण्यात आले. ही घटना नेमकी केव्हाची, याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. वाचलेल्यांचे वंशज पुढे आसपासच्या गावांत पांगले आणि त्यांनी तेलाचा घाणा हा धंदा पत्करला. शनिवारी, म्हणजे शब्बाथच्या दिवशी, घाणा बंद ठेवण्याच्या रिवाजामुळे त्यांना ‘शनवार तेली’ हे नाव मिळाले. एका खेड्याला तेली लागत तो एखाददुसराच, त्यामुळे हा समाज कोठे एकवटून न राहता गावोगाव विखुरला. कोकणातील इतर जातींप्रमाणे त्याच्याही कुटुंबांची ओळख गावावरून होऊ लागली, ती या विखुरलेपणामुळे. सोयरीक परगावीच करावी लागे, तेव्हा ‘कोणत्या गावचे’ हा प्रश्न ‘कोणत्या घराण्यातले’ या प्रश्नाइतकाच महत्त्वाचा ठरला असणार. पुढे घराण्याने ते गाव कायमचे सोडले तरी आडनाव टिकून राहिले.

आडनावाच्या आधी येणारी नावेही दीर्घकाळ मराठी वळणाची होती. बायबलमधील नावांना स्थानिक उच्चार आणि ‘जी’ हा आदरवाचक प्रत्यय मिळून सॅम्युएलचा समाजी, अब्राहमचा आबाजी आणि बेंजामिनचा बुनाजी झाला. ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात अधिकारी असलेले सॅम्युएल इझिकिएल दिवेकर आपल्या समाजात समाजी हसाजी दिवेकर म्हणूनच ओळखले जात. परंपरा अशी सांगते, की टिपू सुलतानाच्या कैदेतून सुटल्याबद्दल कृतज्ञता म्हणून त्यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. तेथील सॅम्युएल स्ट्रीट हे नाव त्यांच्यावरून पडले असे मानतात. रस्त्याला जुने ‘समाजी’ही मिळाले नाही आणि ‘दिवेकर’ही मिळाले नाही, ही गोष्ट या आडनावांच्या पुढील वाटचालीशी जुळणारी आहे.

या आडनावांवरून धर्म मात्र ओळखता येत नाही. दिवेकर आणि दांडेकर ही आडनावे चित्पावनांतही आहेत, पेणकर व घोसाळकर अन्य हिंदू जातींतही आढळतात. आडनाव एक म्हणजे कूळ एक, असे समजण्याचे कारण नाही. दोन्ही घराणी आपापल्या वाटेने त्याच गावाचे नाव घेऊन निघाली, इतकाच त्याचा अर्थ. शिवाय एकाच नावाची दोन-तीन गावे कोकणात असतात, तेव्हा आडनावावरून मूळ गाव ठरवताना घराण्याची आठवण आणि जुन्या दफनभूमीतील मराठी व हिब्रू लेख यांचा आधार घेणे अधिक सुरक्षित ठरते.

कोहेन आणि लेवी ही जगभरच्या ज्यूंमध्ये सर्वाधिक आढळणारी, इस्रायलमध्येही संख्येने पहिल्या दोन क्रमांकांची आडनावे बेने इस्रायलांच्या मूळ परंपरेत नाहीत. कोहेन म्हणजे ॲरनच्या वंशातील पुरोहित आणि लेवी म्हणजे मंदिरसेवा करणारे, ही विभागणीच या समाजात टिकलेली नव्हती. धर्मकार्याचा मान काझी म्हणवल्या जाणाऱ्या प्रमुखांकडे असे, आणि डेव्हिड रहाबी या धर्मशिक्षकाने प्रथम नेमलेले काझी झिराडकर, राजपूरकर व शहापूरकर या तीन घराण्यांतले होते, अशी परंपरा आहे. अन्यत्र जे पद ‘कोहेन’ या वंशवाचक आडनावाने सांगितले जाते, तसला मान येथे ग्रामवाचक आडनावांना चिकटलेला दिसतो.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बेने इस्रायल मोठ्या प्रमाणावर मुंबईत येऊ लागले आणि लष्कर, सरकारी कचेऱ्या, रेल्वे, शिक्षण व वैद्यक या क्षेत्रांत शिरले. इंग्रजी कागदपत्रांत स्वतःचे, वडिलांचे आणि आजोबांचे नाव लिहून थांबण्याची रीत पडली, बायबलमधील नाव इंग्रज वरिष्ठांना सवयीचेही होते. परिणामी आजोबांचे वा वडिलांचे नावच आडनावाच्या जागी बसले आणि ‘कर’ घरापुरता उरला. १९३७ मध्ये मुंबईचे महापौर झालेले डॉ. एलिजा मोझेस हे राजपूरकर घराण्यातील होते; महालक्ष्मी-वरळी भागातील डॉ. ई. मोझेस मार्गाच्या पाटीवर राजपूरकर हा शब्द नाही. इंग्रजीत लिहिणारे कवी निस्सिम इझिकिएल हे मूळचे तळकर. चित्रपटात केवळ ‘डेव्हिड’ म्हणून गाजलेले अभिनेते डेव्हिड अब्राहम यांचे आडनाव चेऊलकर होते. स्त्रीरोगतज्ज्ञ डॉ. जेरुशा झिराड यांच्या घराण्याने गाव ठेवले आणि प्रत्यय गाळला, हा वेगळा प्रकार. याच्या उलट, समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आडनाव सोडले नाही. त्यांनी १८९७ मध्ये पूर्ण केलेला बेने इस्रायलांचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीव येथे छापला गेला आणि या आडनावांच्या अभ्यासाला आजही तो पायाभूत आहे. महात्मा गांधींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांपैकी एक असलेले डॉ. अब्राहम एरुलकर यांच्या घराण्यानेही आपले आडनाव जपले; त्यांची कन्या लीला पुढे सायप्रसचे राष्ट्राध्यक्ष ग्लाफ्कोस क्लेरिडीस यांची पत्नी झाली.

या घडामोडीमुळे आडनावांच्या प्रसाराचा अंदाज मतदारयाद्या किंवा दूरध्वनीपुस्तिका पाहून बांधला, तर तो हमखास चुकतो. यादीत सॅम्युएल, रूबेन, डेव्हिड, इझिकिएल यांची रांग दिसते. मूळ आडनाव सापडते ते लग्नपत्रिकेत, प्रार्थनामंदिराच्या देणगीफलकावर, थडग्याच्या दगडावर आणि वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात. विवाह ठरवताना ‘तुम्ही मूळचे कुठले?’ या प्रश्नाला सॅम्युएल वा डेव्हिड हे उत्तर चालत नाही, तेथे गावच सांगावे लागते.

भौगोलिकदृष्ट्या ही आडनावे रायगडातून मुंबई, ठाणे, पुणे आणि अहमदाबाद येथे, तसेच फाळणीपूर्व काळात कराचीपर्यंत पोहोचली. कराचीतील मागेन शालोम हे प्रार्थनामंदिर १८९३ मध्ये बांधणारे सॉलोमन डेव्हिड उमरडेकर नगरपालिकेच्या नोकरीत होते. ती इमारत १९८८ मध्ये पाडण्यात आली. १९४८ च्या सुमारास भारतात बेने इस्रायलांची संख्या सुमारे २०,००० होती. त्यानंतरच्या दशकांत बहुसंख्य कुटुंबे इस्रायलला गेली आणि आज भारतात काही हजारच उरले आहेत, तर इस्रायलमध्ये लोद, अश्दोद, दिमोना, बीरशेबा अशा शहरांत त्यांची वस्ती त्याच्या कितीतरी पट आहे. रायगडातही खुणा पुसलेल्या नाहीत. अलिबागेत इस्रायल आळी आहे, तेथील प्रार्थनामंदिर चालू आहे.

इस्रायलमध्ये आडनाव नोंदवताना कुटुंबांनी वेगवेगळे मार्ग पत्करले. कोणी भारतातील कागदपत्रांवरचे आजोबांचे नाव कायम ठेवले, कोणी हिब्रू आडनाव घेतले आणि कोणी पेणकर वा दिवेकर असेच लिहवले, त्यामुळे तेथे ‘कर’ हा प्रत्यय महाराष्ट्रातील मुळाची खूण ठरतो. हिब्रू लिपीत स्वर बव्हंशी लिहिले जात नाहीत आणि रोमन लिपीत प्रत्येक घराणे आपल्या सवयीने वर्ण घालते. किहीमकर व केहीमकर, झिराड व जिराड, अवासकर व आवासकर अशी एकाच आडनावाची दोन-तीन रूपे त्यातून निर्माण झाली आहेत. वंशावळ शोधणाऱ्याला म्हणूनच आधी गावाचा मराठी उच्चार निश्चित करून मग त्याची संभाव्य रोमन व हिब्रू रूपे तपासावी लागतात. उलट दिशेने, रोमन वर्णांवरून गाव शोधू गेल्यास दोन वेगळी घराणी एक समजली जाण्याचा किंवा एकच घराणे दोन ठिकाणी मोजले जाण्याचा धोका असतो.