दिवा लागत नाही म्हणजे कार्ड गेलं?

पीएलसी म्हणजे मशीन चालवणारा छोटा औद्योगिक संगणक; त्याच्या इनपुट कार्डवरचा, म्हणजे स्विच-सेन्सरचे सिग्नल घेणाऱ्या कार्डवरचा, दिवा लागला नाही की ‘कार्ड गेलं, बदला’ असं मेंटेनन्समध्ये वर्षानुवर्षं सांगितलं जातं. बहुतेक वेळा हे चुकीचं असतं, आणि त्यापायी चांगली कार्डं भंगारात जातात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२४ व्होल्ट डीसीच्या नेहमीच्या इनपुटला १५ व्होल्टच्या वर ‘एक’ (चालू) आणि ५ च्या खाली ‘शून्य’ (बंद) कळतो. मधल्या पट्ट्यात काय होईल याची हमी नाही. एका कन्व्हेयरच्या लिमिट स्विचची (भाग ठरलेल्या जागी पोचला की दाबला जाणारा स्विच) वायर कार्डवरून सोडवून मीटर लावला, तर पूर्ण २४ दिसले. मग सगळ्यांनी कार्डावर खापर फोडलं. तीच वायर टर्मिनलला जोडून मोजली, तेव्हा ९! जंक्शन बॉक्समधलं तांब्याचं टोक हिरवं पडलं होतं. मीटर जवळपास करंट घेतच नाही. कार्ड काही मिलिअँपिअर घेतं आणि तेवढ्या करंटनेही खराब जोडावरच बरंचसं व्होल्टेज खर्च होतं. म्हणून वायर जोडलेली ठेवूनच, इनपुट आणि कॉमन (इनपुटांचं सामाईक टर्मिनल) यांच्यामध्ये मोजा.

एकाच कॉमनवरच्या अख्ख्या ग्रुपचे दिवे गेले तर आधी कॉमन आणि फ्यूज बघा. नवा सेन्सर बसवल्यावर बंद पडलं, तर पीएनपीच्या (इनपुटला २४ व्होल्ट देणारा) जागी एनपीएन (इनपुटला शून्य व्होल्टकडे ओढणारा) आलाय का?

शेवटची खात्री सोपी आहे. मशीन सुरक्षित करा, फील्डची वायर काढा, पीएनपी सेन्सरसाठीच्या इनपुटला थेट २४ व्होल्ट द्या. दिवा लागला आणि प्रोग्राममध्ये त्या इनपुटचा बिटही ‘एक’ झाला, तर कार्ड ठणठणीत आहे.