पार्श्वभूमी : ‘फेर्नश्प्रेशर’ हा शब्द आला कुठून?

जर्मन घरांत आज ‘टेलेफोन’ वाजतो. पण विसावं शतक सरत येईपर्यंत रस्त्यावरच्या फोनच्या खोक्यांवर आणि टपालखात्याच्या कागदपत्रांत त्याचं नाव होतं ‘फेर्नश्प्रेशर’. ‘फेर्न’ म्हणजे दूर, ‘श्प्रेशर’ म्हणजे बोलणारा.

हा जोडशब्द टेलिफोनसाठी रूढ केला तो जर्मन साम्राज्याचे टपालप्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांनी. 1874 साली बर्न इथे जागतिक टपाल संघटना उभी करण्यात पुढाकार घेणारे हेच गृहस्थ. ऑक्टोबर 1877 मध्ये बेलच्या यंत्राची बातमी त्यांनी एका अमेरिकन नियतकालिकात वाचली आणि त्याच महिन्यात बर्लिनच्या दोन सरकारी कचेऱ्यांमध्ये तार जोडून चाचणीही घेतली. टपालव्यवहारातल्या परकीय, विशेषतः फ्रेंच, शब्दांना त्यांनी आधीच जर्मन पर्याय दिले होते. ‘पोस्त रेस्तांत’चं ‘पोस्टलागेर्न्ड’ झालं, म्हणजे टपालकचेरीतच थांबवून ठेवायचं पत्र. नव्या यंत्रालाही त्यांना जर्मन नाव हवं होतं.

यातली खरी बोचणारी गोष्ट अशी की, हद्दपार करायचं ते नाव एका जर्मन माणसानेच वापरात आणलं होतं. फिलिप राइस या शाळामास्तरांनी 26 ऑक्टोबर 1861 रोजी फ्रँकफुर्टमध्ये विजेवरून आवाज पाठवून दाखवला आणि आपल्या यंत्राला ग्रीक मुळांवरून ‘टेलेफोन’ म्हटलं. 1874 साली ते वारले, पण शब्द मागे राहिला.

तरी ‘फेर्नश्प्रेशर’ शंभर वर्षं टिकला, कारण यंत्र टपालखात्याच्या मालकीचं होतं. पश्चिम जर्मनीत 1960 च्या दशकात घराघरांत आलेला करड्या रंगाचा, गोल तबकडीचा फोनही खात्याने भाड्याने दिलेला असे. कागदोपत्री तो ‘फेर्नश्प्रेशटिशआपाराट’, म्हणजे टेबलावरचं दूरभाषणयंत्र! घरातली माणसं मात्र ‘टेलेफोन’च म्हणत राहिली. आपल्याकडे ‘दूरध्वनी’ पत्राच्या मथळ्यावर राहिला आणि तोंडात ‘फोन’ बसला, तसंच हे.

टीव्हीच्या बाबतीत उलट घडलं. राफाएल एडुआर्ड लीझेगांग यांनी 1891 मध्येच ‘फेर्नझेऽन’, म्हणजे दूरदर्शन, हा शब्द आपल्या पुस्तिकेच्या नावात वापरला होता. संच घरात यायला पुढे कित्येक दशकं लागली. तोवर जर्मन शब्द रुळलेला होता, त्यामुळे टीव्हीला जर्मन माणूस आजही सहज ‘फेर्नझेअर’ म्हणतो.