लाळेच्या नळीतले टक्के

आई मराठी, वडील कृष्णवर्णीय अमेरिकन. अशा घरातल्या मुलीने वंशमूळ सांगणारी डीएनए चाचणी केली, तर निकाल साधारण असा येतो: दक्षिण आशियाई ५० टक्के, आफ्रिकी ३८, युरोपीय १२. ‘मी नक्की कोणाची?’ हा वयात येतानाचा प्रश्न घेऊन ती नळीत थुंकलेली असते, आणि उत्तरात तिसराच खंड निघतो. आजी-आजोबांत गोरं कोणीच नाही, मग हे १२ टक्के आले कुठून?

वडिलांकडूनच. अमेरिकेतल्या हजारो कृष्णवर्णीयांच्या डीएनएचा एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सरासरी सुमारे ७३ टक्के अंश आफ्रिकी, २४ टक्के युरोपीय आणि एक टक्क्याहून कमी मूळ अमेरिकी निघाला. वडील ७६-२४ धरले, तर त्यांच्या निम्म्या वाट्यातून मुलीला सरासरी ३८ आणि १२ मिळतात. सरासरी हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. पुरुषबीज तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या आपसांत तुकडे बदलतात, सगळी मिळून पंचवीस-तीस ठिकाणी, आणि कोणता तुकडा कोणत्या बीजात जाईल याला काही नेम नसतो. म्हणून तिच्या सख्ख्या भावाचा निकाल ३५-१५ आला, तरी चाचणी चुकलेली नसते.

निकालात गुणसूत्रांचं रंगीत चित्र मिळत असेल तर टक्क्यांआधी ते बघावं. प्रत्येक जोडीतली एक पट्टी सलग एकाच रंगाची दिसते, ती आईची. दुसरीवर आफ्रिकी रंगात मध्ये मध्ये युरोपीय रंगाचे छोटे तुकडे पेरलेले असतात. हे तुकडे दर पिढीत कापले जाऊन लहान होत जातात. ढोबळ हिशेब असा, की जितक्या पिढ्या उलटल्या तितक्यांनी १००ला भागायचं: आठ पिढ्यांपूर्वीच्या मिश्रणाचा तुकडा सरासरी बारा-तेरा सेंटीमॉर्गन (गुणसूत्रावरची लांबी मोजायचं एकक) लांबीचा उरतो. आजोबांपैकी कोणी गोरे असते तर लांबच लांब पट्टे दिसले असते. शिवाय कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या एक्स गुणसूत्रावर युरोपीय अंश इतर गुणसूत्रांपेक्षा कमी सापडतो. एक्स गुणसूत्र जास्त करून स्त्रियांच्या वाटेने पुढे येतं. याचा अर्थ मिश्रणात गोरे पुरुष जास्त होते, गोऱ्या स्त्रिया कमी. गुलामगिरीच्या काळात मालकांनी केलेल्या बळजबरीचा हा पुरावा आहे, आणि तो या मुलीच्या पेशीपेशीत आहे. १२ टक्क्यांचा आकडा तिच्या हातात देताना घरातल्या मोठ्यांनी हा इतिहासही सांगायला हवा. नुसता आकडा पोराला गोंधळात टाकतो.

चाचणी फसते कुठे, तेही बघू. नमुना देण्याआधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नसतं, च्युइंगगमसुद्धा नाही. नळीत साधारण २ मिलिलीटर लाळ लागते आणि खुणेपर्यंत लाळच हवी, फेस धरायचा नाही. फेसाने खूण गाठली की डीएनए कमी पडतो आणि नमुना परत मागवला जातो. प्रयोगशाळेतली चिप डीएनएची तीन अब्ज अक्षरं वाचत नाही, माणसामाणसांत फरक असलेल्या सहा-सात लाख जागा तपासते. मग त्या तुकड्यांची तुलना संदर्भगटांशी होते, म्हणजे ज्यांचं मूळ माहीत आहे अशा लोकांच्या नमुन्यांशी. संदर्भगट बदलला की टक्के बदलतात. लाळ तीच, पण दोन वर्षांनी निकाल वेगळा येतो तो यामुळे. एक-दोन टक्क्यांचा अंश बहुतेकदा हिशेबातली गडबड असते. त्यावर ओळखीचा डोलारा उभा करू नये.

आता आरशातला प्रश्न. त्वचेचा रंग अनेक जनुकं मिळून ठरवतात. त्यांतल्या एसएलसी-२४-ए-५ या जनुकाचं रंग उजळवणारं रूप जवळजवळ सगळ्या युरोपीयांत आढळतं, आणि तेच रूप भारतातही भरपूर आहे. मराठी आई ते रूप देऊ शकते, वडिलांच्या छोट्या युरोपीय तुकड्यातूनही ते येऊ शकतं. त्यामुळे एकाच घरात एक भावंड सावळं आणि दुसरं उजळ होतं. रस्त्यावरची माणसं मात्र दोघांना दोन वंशांत टाकतात. ‘भावाला काळा म्हणतात, मला का नाही?’ या कोड्याची मुळं इतकी साधी आहेत.

कागदावरच्या चौकटीही स्थिर नाहीत. भारतीयांना अमेरिकी जनगणनेने १९२० ते १९४० दरम्यान ‘हिंदू’ नावाच्या वंशात टाकलं, १९७० साली गोऱ्यांत धरलं आणि १९८०पासून ‘एशियन इंडियन’ ही चौकट दिली. एकापेक्षा जास्त वंशांवर खूण करायची मुभा २००० साली मिळाली. बहुवंशीय म्हणून मोजले गेलेले लोक २०१० साली ९० लाख होते, २०२० साली ३ कोटी ३८ लाख झाले. दहा वर्षांत एवढी लेकरं जन्मली नव्हती. प्रश्नाची मांडणी आणि उत्तरं नोंदवायची पद्धत बदलली, हे त्याचं मोठं कारण.

मिश्रवंशीय मुलांच्या वाढीचं एक टप्पेवार चित्र पोस्टन या मानसशास्त्रज्ञाने १९९० साली मांडलं. लहानपणी वंशाचं भान कमी. मग एक बाजू निवडण्याचा दबाव. निवडली की दुसऱ्या पालकाशी बेइमानी केल्याची बोच. पुढे दोन्हीकडचं जाणून घ्यायची ओढ आणि शेवटी दोन्हींना सामावून घेणं. सगळीच मुलं या क्रमाने जात नाहीत, पण मधली बोच ओळखण्यापुरतं हे चित्र फार उपयोगी आहे. ‘तू एकच काय ते ठरव’ हे वाक्य नेमकं त्याच जखमेवर बसतं.

दोन्हीकडचं जाणून घ्यायची वेळ आली, की दोन बाजूंना दोन वेगळी साधनं लागतात. वडिलांकडे कागद १८७०च्या जनगणनेपाशी अडतो. गुलामीतून सुटलेल्या बहुतेकांची नावं त्या वर्षी पहिल्यांदा नोंदली गेली. १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली फक्त वय, लिंग आणि रंग. तिथे डीएनएतून जुळणारे दूरचे चुलत नातेवाईक ती भिंत ओलांडायला खरोखर मदत करतात. आईकडे उलटं आहे. जगभर वापरल्या जाणाऱ्या ‘हजार जीनोम’ या डीएनए-नमुन्यांच्या संग्रहात दक्षिण आशियाचे पाच गट आहेत: गुजराती, पंजाबी, बंगाली, तेलुगू आणि श्रीलंकेतले तमिळ. मराठी त्यात नाही. तेव्हा आजोळचं गाव, कुलदैवत, आजीचं माहेरचं आडनाव हे फोन लावून आजीलाच विचारायचं, आणि वहीत उतरवून ठेवायचं.