गुरं वळणारं कुत्रं कसं तयार होतं

चारशे किलोची गाय वीस किलोच्या कुत्र्यापुढे का हलते? १८४०च्या दशकात ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्समध्ये थॉमस हॉल यांनी गुराख्यांची कुत्री आणि डिंगो ही तिथली रानकुत्री यांच्या संकरातून ‘हीलर’ घडवले. हे कुत्रं गाईच्या मागच्या पायाला खुराच्या जरा वर चिमटा काढतं, तोही ज्या पायावर भार आहे त्याला. लाथ मारण्याआधी गाईला भार दुसऱ्या पायावर घ्यावा लागतो. तेवढ्या क्षणात कुत्रं जमिनीला चिकटतं आणि लाथ डोक्यावरून जाते.

पण चावा हा शेवटचा उपाय. रोखून पाहणं, दबा धरणं, पाठलाग, पकड, मग ठार मारणं हा शिकारीचा क्रम; वळणाऱ्या जातींमध्ये पैदाशीतून शेवटची पायरी जवळपास पुसली गेली आहे. धनगरांची कुत्री लांडग्यापासून मेंढरं राखतात, ते काम वेगळं. राखणीच्या पिल्लाकडून वळायची अपेक्षा धरू नये.

प्रत्येक जनावराभोवती एक अदृश्य कडं असतं. त्यात कुणी शिरलं की ते सरकतं. खांद्याच्या मागून दाब आला तर पुढे जातं, पुढून आला तर थांबतं किंवा वळतं. शेपटीच्या थेट मागे मात्र त्याला दिसत नाही. तिथे कुत्रं आलं की गाय बघायला मान वळवते आणि चाल मोडते, म्हणून कुत्र्याने थोडं बाजूलाच राहायचं.

गुरांजवळ नेण्याआधी ‘बस’, ‘थांब’, ‘परत ये’ हे लांबूनही पाळता आलं पाहिजे. आठ-दहा महिन्यांच्या आत खऱ्या कामाला लावू नये; एका लाथेने हाड मोडतं आणि हिंमतही. सुरुवातीला कुत्र्याला सरावलेली चार-सहा शांत कालवडं साधारण वीस मीटरच्या गोल कुंपणात घ्यावीत. वासरू असलेली गाय अजिबात नको, ती थेट अंगावर येते. कुत्र्याच्या गळ्यात पाच-सहा मीटर दोरी लोंबती ठेवावी. कालवडं मध्ये, पलीकडे कुत्रं, अलीकडे तुम्ही: जनावरं मालकाकडे आणण्याची त्याची उपजत ओढ इथेच कामी येते. ते डावीकडून फिरत असतानाच डावीकडचा शब्द उच्चारायचा, म्हणजे शब्द आणि हालचाल जुळतात. दहा मिनिटं पुरेत. दमायच्या आत थांबवावं.

सरळ आत घुसत असेल तर काठी त्याच्या खांद्याच्या रोखाने धरून त्याला बाहेर ढकलावं. शेपटीला लटकत असेल तर ओरडू नये, आरडाओरड्याने ते आणखी पेटतं. दोरीवर पाय द्या, बसवा, शांत झाल्यावर जास्त अंतरावरून पुन्हा सुरू करा.

सगळ्यात महाग पडणारी चूक वेगळीच आहे. गाय चालू लागली तरी कुत्रं दाबतच राहिलं, तर चालून सुटका नाही हे तिच्या लक्षात येतं. मग ती तोंड फिरवून शिंगं रोखते, आणि असा कळप पुढे कोणत्याच कुत्र्याला जुमानत नाही. म्हणून गाय हलली की त्याच क्षणी कुत्र्याला थांबवा, दाब सुटू द्या. ती समोर उभी ठाकली तर कुत्र्याने मागे न सरता जागा धरावी. चालून आली तर नाकावर एक चावा आणि लगेच सोड.

उन्हात काम टाळा, पाणी जवळ ठेवा. कत्तलीतली कच्ची आतडी-फुप्फुसं कधीच खाऊ घालू नका. त्यातून कुत्र्याला होणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या पोटात गेली, तर यकृतात पाण्याच्या गाठी होतात. प्राझिक्वांटेल या जंतनाशकाचा डोस किती दिवसांनी द्यायचा, हे पशुवैद्यांकडून ठरवून घ्या.