दूरस्थ प्रवेश : घरून कार्यालयीन संगणक चालवणे

कार्यालयात ठेवलेला संगणक घरच्या संगणकावरून इंटरनेटमार्फत चालवण्याची पद्धत. यात प्रोग्रॅम कार्यालयातल्या संगणकावरच चालतात आणि फायलीही तिथेच राहतात. घरी पोहोचते ते केवळ पडद्याचे चित्र, तर घरून तिकडे जातात कीबोर्ड आणि माउसचे संकेत. म्हणूनच घरचा संगणक जुना असला तरी जड सॉफ्टवेअरचे काम अडत नाही. अडलेच तर इंटरनेटपाशी अडते.

दुरून यंत्र चालवण्याची कल्पना आजच्या संगणकापेक्षाही जुनी आहे. जॉर्ज स्टिबिट्झ यांनी ११ सप्टेंबर १९४० रोजी डार्टमथ कॉलेजात बसून, टेलिप्रिंटरच्या तारेवरून, न्यूयॉर्कमधल्या बेल प्रयोगशाळेच्या गणनयंत्राकडून गणिते सोडवून घेतली होती. १९६९ मध्ये टेलनेट आले, म्हणजे दूरच्या संगणकावर मजकुरातून आज्ञा देण्याची पद्धत. त्यात पासवर्डसुद्धा उघड्या मजकुरात जात असे. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर तातू युलोनेन यांनी १९९५ मध्ये एसएसएच (सिक्युअर शेल) तयार केले आणि हा व्यवहार कूटबद्ध, म्हणजे तिऱ्हाइताला न वाचता येणारा, झाला. संपूर्ण पडदा दुसरीकडे दाखवणारे व्हीएनसी (व्हर्च्युअल नेटवर्क कॉम्प्युटिंग) केंब्रिजमधल्या ऑलिव्हेट्टीच्या संशोधन प्रयोगशाळेतून १९९०च्या दशकात बाहेर पडले. त्याच कामाचे मायक्रोसॉफ्टचे आरडीपी (रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉल) १९९८ मध्ये विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीबरोबर आले आणि २००१ च्या विंडोज एक्सपी प्रोफेशनलपासून साध्या कार्यालयीन संगणकावरही मिळू लागले.

व्हीएनसी आणि आरडीपी यांतला एक फरक कामाचा आहे. आरडीपीने जोडणी झाली की कार्यालयातला पडदा लॉक होतो. व्हीएनसीच्या पद्धतीत मात्र तिथल्या मॉनिटरवर सगळे हलताना दिसत राहते; पगारपत्रक उघडले तर शेजारून जाणाराही ते वाचू शकतो.

पडदा दाखवण्याचा प्रश्न असा केव्हाच सुटला. खरी अडचण असते ती त्या संगणकापर्यंत पोहोचण्याची. कार्यालयातल्या संगणकाला बहुधा १० किंवा १९२.१६८ ने सुरू होणारा खासगी आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कमधला ओळखक्रमांक, असतो. बाहेरच्या इंटरनेटला तो पत्ता ठाऊक नसतो, शिवाय मध्ये बाहेरच्या जोडण्या अडवणारी फायरवॉल असते. यातून वाट काढण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट उपाय म्हणजे राउटरवर आरडीपीचे ३३८९ क्रमांकाचे पोर्ट, म्हणजे त्या सेवेचे क्रमांकित दार, थेट बाहेर उघडणे. अशी पोर्टे शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्रॅम दिवसरात्र चालू असतात आणि सापडलेल्या पोर्टावर पासवर्डांचा मारा सुरू करतात. मे २०१९ मध्ये उघड झालेल्या आरडीपीतल्या ब्लूकीप या त्रुटीत तर पासवर्डचीही गरज नव्हती. ती इतकी गंभीर ठरली की मायक्रोसॉफ्टने पाठबळ संपलेल्या एक्सपीसाठीही दुरुस्ती दिली. पोर्टाचा क्रमांक बदलला की भागले, असे सांगणारे अनेक भेटतात. त्याने फार तर आळशी चोर टळतो.

संस्थेसाठी योग्य मार्ग व्हीपीएनचा (व्हर्च्युअल प्रायव्हेट नेटवर्क). घरचा संगणक आधी कूटबद्ध बोगद्यातून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये शिरतो आणि मग आतल्या पत्त्यावर आरडीपीने जोडला जातो. यासाठी आयपीसेक, ओपनव्हीपीएन, तसेच मार्च २०२० मध्ये लिनक्स या संगणक-प्रणालीच्या गाभ्यात दाखल झालेले वायरगार्ड यांसारखी व्हीपीएन-तंत्रे वापरली जातात. पासवर्डच्या जोडीला मोबाइलवरचा सतत बदलणारा कोड असावाच. व्हीपीएन जोडलेले दिसते आणि तरीही कार्यालयातला संगणक सापडत नाही, अशी एक चकवणारी स्थिती येते. घरच्या आणि कार्यालयाच्या राउटरने १९२.१६८.१ हीच पत्तामालिका वापरलेली असली, की घरचा संगणक तो पत्ता घरातच शोधत बसतो. घरच्या राउटरची मालिका बदलली की प्रश्न सुटतो.

टीमव्ह्यूअर, एनीडेस्क, क्रोम रिमोट डेस्कटॉप यांसारख्या सेवा तिसऱ्या मार्गाने जातात. दोन्ही संगणक स्वतःहून सेवेच्या सर्व्हरशी संपर्क साधतात, त्यामुळे फायरवॉलमध्ये काही उघडावे लागत नाही. हीच सोय आयटी विभागाची डोकेदुखी ठरते, कारण कोणीही कर्मचारी कोणाला न विचारता असे दार बसवू शकतो. फोनवर बँकेचा माणूस असल्याची बतावणी करून पडद्यावरचा जोडणीचा क्रमांक विचारणारे ठकही हीच साधने वापरतात.

प्रत्यक्ष मांडणीत घोटाळे होतात ते किरकोळ बाबींवर. विंडोजच्या होम आवृत्तीतून दुसऱ्या संगणकाशी जोडता येते, पण आरडीपीने तिच्यात प्रवेश घेता येत नाही. कार्यालयातल्या संगणकावर प्रो किंवा त्यावरची आवृत्ती लागते. पासवर्ड नसलेल्या खात्याला आरडीपी सहसा आत घेत नाही. संगणक स्लीपमध्ये गेला तर जोडणी होत नाही, म्हणून ती सेटिंग आधीच बंद करावी. वेक-ऑन-लॅन ही सोय झोपलेल्या संगणकाला उठवते. त्यासाठी १०२ बाइटांचा एक संदेश पाठवला जातो, ज्यात त्या संगणकाचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाचा ओळखक्रमांक) सोळा वेळा लिहिलेला असतो. मात्र हा संदेश सहसा राउटर ओलांडत नाही. तो सोडायला कार्यालयातलेच एखादे सतत चालू उपकरण लागते. डिस्क कूटबद्ध असून सुरू होताना पिन विचारणारी असेल, तर दुरून रीस्टार्ट केलेला संगणक त्या पिनपाशीच अडून राहतो. ही सगळी परीक्षा कार्यालयातून निघण्यापूर्वी करावी : लॅपटॉप कार्यालयाच्या वायफायवरून काढून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर घ्यावा आणि जोडून पाहावे.

वेगाविषयी एक गैरसमज आहे. मोठी बँडविड्थ (एका सेकंदात जाणारी जास्त माहिती) घेतली तरी टंकलेले अक्षर उशिरा उमटू शकते, कारण तिथे संकेताला जाण्यायेण्यास लागणारा विलंब महत्त्वाचा असतो. प्रकाशीय तंतूतून संकेताला दर हजार किलोमीटरला जाण्यायेण्यात सुमारे १० मिलिसेकंद लागतातच. राउटर आणि वायफाय आपली भर त्यावर घालतात. पत्रव्यवहाराला याचा फारसा त्रास होत नाही, आरेखनाचे काम मात्र लवकर नकोसे होते.

क्लिपबोर्ड आणि घरचा प्रिंटर जोडणीतून वापरता येतात, पण अनेक संस्था ही मुभा मुद्दाम बंद ठेवतात. फाइल कार्यालयाबाहेर जाऊ नये हा या पद्धतीचा मोठा फायदा असतो आणि तो याच वाटेने गळतो. संस्थेच्या परवानगीशिवाय केलेली जोडणी तांत्रिकदृष्ट्या कितीही चोख असली, तरी बहुतेक ठिकाणी नियमभंगच मानली जाते.

काम संपल्यावर आरडीपीची खिडकी बंद केल्याने फक्त जोडणी तुटते. लॉगइन आणि उघडे प्रोग्रॅम तसेच राहतात. रात्रभर चालणाऱ्या आकडेमोडीसाठी हे सोयीचेच आहे. न जतन केलेली फाइल मात्र तशी सोडू नये, कारण अपडेटसाठी संगणक मध्यरात्री स्वतःहून रीस्टार्ट होऊ शकतो.