प्रज्वलनदोष, जुन्या मोटारसायकलींतील (सोलापूर परिसर)

जुन्या मोटारसायकलीच्या प्लगवर ठिणगी अजिबात न पडणे, ती पिवळट व क्षीण पडणे किंवा इंजिन तापल्यावर नाहीशी होणे, या बिघाडांना प्रज्वलनदोष म्हणतात. गॅरेजमध्ये याला ‘करंट येत नाही’ असे म्हणतात. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी बोलणारे मिस्त्री शेजारी शेजारी काम करतात. करंट, पॉइंट, कंडेन्सर, कॉईल हे शब्द मात्र सगळ्यांचे सारखेच.

प्रस्तुत नोंद पॉइंट (फिरत्या उंचवट्याने, म्हणजे कॅमने, उघडमीट होणारी धातूची टोके) असलेल्या गाड्यांपुरती आहे. १९५५ साली स्थापन झालेल्या एन्फील्ड इंडियाची बुलेट, म्हैसूरच्या कारखान्यातून १९६१ पासून निघालेली जावा व तिच्यानंतरची येझदी आणि १९८३ साली आलेली राजदूत ३५० या त्यांतल्या ठळक.

ठिणगी तयार होते ती पॉइंट उघडताना. पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा प्रवाह कॉईलच्या प्राथमिक वेटोळ्यातून वाहतो आणि चुंबकीय क्षेत्र उभे राहते. पॉइंट उघडताच ते क्षेत्र कोसळते आणि दुय्यम वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. पॉइंटला समांतर जोडलेल्या कंडेन्सरमुळे प्रवाह झटकन तुटतो. कंडेन्सर आतून तुटला असेल, तर पॉइंटवरच मोठी निळी ठिणगी उडते आणि प्लगवर जीव राहत नाही; आतून शॉर्ट झाला, तर पॉइंट कायमचे अर्थ होऊन (इंजिनाच्या धातूला जोडले जाऊन) करंट पूर्ण जातो.

तपासणी प्लगपासून मागे बॅटरीकडे करावी. प्लग काढून कॅपमध्ये (वायरच्या टोकाच्या टोपीत) बसवावा, त्याची लोखंडी बाजू हेडच्या, म्हणजे सिलिंडरच्या माथ्याच्या, धातूच्या पात्यांना टेकवावी आणि किक मारावी. प्लग त्याच्या भोकापासून व कार्बोरेटरपासून दूर धरावा, कारण भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते. ठिणगी निळसर-पांढरी व टणक हवी. ती नसेल तर कॅप काढून वायरचे टोक इंजिनापासून ५-६ मिमी अंतरावर ठेवून पाहावे. तिथे ठिणगी पडली, तर दोष कॅपमध्ये किंवा प्लगमध्ये. टू-स्ट्रोक (पेट्रोलसोबत ऑइलही जाळणाऱ्या) गाडीत ऑइल जास्त झाले की प्लग ओला, काळा होतो आणि करंट काजळीतूनच अर्थ होतो. एक मर्यादा लक्षात ठेवावी: बाहेर दिसलेली ठिणगी सिलिंडरमधल्या दाबाखाली पडेलच असे नाही. दाबलेल्या वायूतून उडी मारायला जास्त व्होल्ट लागतात.

बुलेटवर याहून सोपी खूण आहे. डिकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) खटका दाबून अँपिअरचा, म्हणजे प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा, काटा मध्यावर आणायची सवय प्रत्येक जुन्या बुलेटवाल्याला असते; तोच काटा निदानही करतो. चावी लावून, बाकीचे दिवे बंद ठेवून किक हाताने हळू फिरवावी. पॉइंट मिटले की काटा डिस्चार्जकडे झुकतो, उघडले की मध्यावर येतो. काटा हललाच नाही, तर बॅटरीपासून पॉइंटपर्यंत कुठेतरी प्रवाह तुटला आहे किंवा पॉइंट घाण आहेत. काटा झुकलेलाच राहिला, तर पॉइंट उघडत नाहीत, कंडेन्सर शॉर्ट आहे किंवा पॉइंटचा फायबर वायसर (प्रवाह अडवणारी चकती) चुकीच्या जागी बसला आहे. नवे पॉइंट घातल्यानंतर गाडी बंद पडली, तर आधी हा वायसरच पाहावा.

बुलेटच्या पॉइंटमधले अंतर ०.३५ ते ०.४० मिमी ठेवतात. टोके बारीक कानशीने सपाट करावीत. पॉलिश पेपर वापरू नये, त्याचे कण रुतून बसतात. शेवटी कोऱ्या पोस्टकार्डाची पट्टी मधून ओढून घ्यावी. नव्या पॉइंटवरही संरक्षक थर असतो, तोही पुसावा लागतो. कॅमला ग्रीस अगदी थोडे लावावे, उन्हाळ्यात ते पातळ होऊन पॉइंटवर उडते.

सोलापूरला एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या पुढे जातो, आणि खरी परीक्षा तेव्हाच होते. सकाळी एका किकला सुरू झालेली गाडी तुळजापूरच्या घाटात बंद पडते, सावलीत थोडा वेळ थांबली की पुन्हा चालते. दोष पेट्रोलला दिला जातो. वास्तविक कॉईलचे किंवा कंडेन्सरचे आतले इन्सुलेशन तापल्यावर गळू लागले की लक्षणे हीच दिसतात. म्हणून गाडी थांबल्या क्षणी, गरम असतानाच करंट पाहावा. ठिणगी जोरकस असेल तर टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र आणि पेट्रोलची नळी तपासावी. मेली असेल तर कॉईल-कंडेन्सर. थंड गाडीवर मीटर लावून ‘कॉईल ठीक’ म्हणणे हे निदान नव्हे. राजदूत ३५० मध्ये दोन्ही सिलिंडरना पॉइंट, कंडेन्सर व कॉईल स्वतंत्र असल्याने एका बाजूचा कंडेन्सर दुसरीकडे लावून दोष सरकतो का, हे पाहता येते. बदल मात्र एका वेळी एकच करावा.

६ व्होल्टच्या गाडीत चावीच्या गंजलेल्या संपर्कात अर्धा व्होल्ट गेला तरी ठिणगी खचते. याच उन्हात बॅटरीचे पाणीही लवकर आटते. डिस्टिल्ड वॉटरची पातळी वारंवार पाहावी लागते.

पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक संच बसवण्याकडे आता कल आहे. रोजच्या वापराला तो सोयीचा आहे. तरी २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतली नोंदणी ५० वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी असल्याने, काढलेली पॉइंट प्लेट, कॅम आणि जुनी कॉईल भंगारात न देता तेलाचा हात फिरवून जपून ठेवावी.